डिझेलमधलं पाणी

डोंगरातली कामं आता घ्यायची नाहीत, असा शब्द भाईदास मिस्तरीने बायकोला, सरलाबाईला, दिला होता. त्याला एकसष्ट वर्षं पूर्ण झाली होती आणि डावा गुडघा उतारावर हटकून दगा द्यायचा. शहाद्याला त्याचं डिझेल इंजिनांचं वर्कशॉप होतं. केळीवाल्यांचे ट्रॅक्टर, ऊस ओढणाऱ्या गाड्या, तापीकाठची पाणी उपसायची इंजिनं एवढं काम त्याला पुरून उरायचं. तरीही ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी सकाळी सहाला तो धडगावच्या जीपमध्ये मधल्या सीटवर दाटीवाटीने बसला होता आणि हत्यारांची पिशवी त्याच्या मांडीवर होती.

आदल्या दिवशी एका संस्थेच्या कार्यालयातून फोन आला होता. नर्मदेच्या धरणाच्या पाण्यावर त्यांची बोट चालते. रस्ता नसलेल्या पाड्यांवर नर्सला आणि औषधांना घेऊन जाणारी तेवढीच एक. ती तीन दिवस काठाला उभी होती. धडगावच्या एका मेकॅनिकने सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवली आणि सांगितलं, डिझेलचा पंप गेला, काढून नाशिकला पाठवा.

"सेल्फ मारल्यावर सायलेन्सरमधून धूर येतो का?" भाईदासने विचारलं होतं.

फोनवरच्या माणसाला ते माहीत नव्हतं. धूर येतो की नाही हे न बघता पंप गेला म्हणून सांगतात, याचाच भाईदासला राग आला, आणि त्या रागाच्या भरात तो येतो म्हणून बसला. रात्री सरलाबाई त्याच्याशी बोलली नाही. सकाळी मात्र तिने डबा भरून दिला.

धडगावला उतरल्यावर तिचा फोन आला.

"पोचनात का?"

"हां, धडगावले शे. आते पुढे जासू."

"गुडघाले पट्टा बांधा का?"

"बांधा," तो खोटंच म्हणाला. पट्टा अजून पिशवीतच होता.

पुढे दुसरी जीप. ती जिथे रस्ता संपतो तिथे थांबली. तिथून अर्धा तास पायी उतार. पावसाळा नुकताच सरला होता आणि ऊन असं होतं की दगडाला हात लावून उतरायची सोय नव्हती. भाईदास आडवा होऊन, एकेक पाय टाकत उतरला. खाली पाणी पसरलेलं होतं. बुडालेल्या सागांचे वाळके शेंडे त्यातून वर आले होते. काठाला निळ्या ताडपत्रीचं छप्पर असलेली बोट दोराने बांधलेली होती.

बोटीवर दोन माणसं होती. एक नर्स, तिशीची, पायाशी लसींचा निळा डबा घेऊन बसलेली. दुसरा बोट चालवणारा, लखन पावरा, चाळिशीचा, सडपातळ, अंगात लांब बाह्यांचा सदरा. त्या उन्हातही त्याने बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या.

"काका, तुम्ही शहादाना का?" नर्सने विचारलं. "मी हेमांगी. रनाळानी शे."

आपली अहिराणी बोली ऐकून भाईदासला जरा बरं वाटलं. त्याने पाणी मागितलं. लखनने मडक्यातून तांब्या भरून दिला. सगळा तांब्या संपवून भाईदास फळीवर टेकला आणि काही वेळ नुसता बसून राहिला.

"दोनपर्यंत निघालो तर जमेल," हेमांगी म्हणाली. "उंबरीपाड्याला नऊ पोरांना लस द्यायची आहे. आया सकाळपासून पाण्यावर येऊन बसल्या असतील. आणि हा डबा आज संध्याकाळी मला परत जमा करायचा आहे. उद्यावर नेता येत नाही."

"गेल्या महिन्यातही राहिलं ना?" लखन म्हणाला.

"गेल्या महिन्यात पूर होता."

तिचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. सात वर्षं ती या डोंगरात होती.

भाईदासने गुडघ्याला पट्टा बांधला आणि इंजिनाच्या खणात उतरला. दोन सिलिंडरचं जुनं इंजिन होतं, वर्कशॉपात अशी शेकड्याने येऊन गेलेली. चार्ज केलेली बॅटरी लखनने सकाळीच खांद्यावर वाहून आणली होती. ती परत उतरवून चालणार नव्हतं.

"बंद कसं पडलं? एकदम, की धापा टाकत?"

"धापा टाकत," लखन म्हणाला. "जोर कमी झाला, मग वाढला, मग गेला. वल्हं मारत काठाला आणली."

"त्याआधी काही खोललं होतं? काही बदललं?"

"नाही."

"डिझेल?"

"होतं. अर्धी टाकी आहे."

भाईदासने पहिल्यांदा इंजिन बंद करायची दांडी पाहिली. कितीतरी वर्षांपूर्वी त्याने एका ट्रॅक्टरचा अख्खा पंप खोलून जोडला होता आणि शेवटी कळलं होतं की ती दांडीच ओढलेली राहिली होती. तेव्हापासून तो आधी तिथे हात लावायचा. दांडी जागेवर होती.

"मार एकदा सेल्फ. मी सांगितलं की सोड."

इंजिन घुर्र घुर्र फिरलं. भाईदास बाहेर वाकून सायलेन्सरच्या तोंडाकडे बघत होता. धुराचा टिपूसही नाही.

"सोड." तो हेमांगीला म्हणाला, "पांढरा धूर आला असता तर म्हटलं असतं डिझेल पोचतं पण पेटत नाही. इथे पोचतच नाही. आता टाकीपासून निघायचं, आणि कुठे अडलं ते बघत जायचं."

तिने मान डोलावली. तिला फक्त किती वेळ लागेल ते हवं होतं, आणि ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं तर टाकीतून डिझेल उतरत नाही. त्याने झाकण काढून फुंकलं. मोकळं होतं. तोटी उघडी होती. फिल्टरपाशी येणारा पाईप सोडला तर डिझेल थेंब थेंब आलं, धार नाही. मग त्याने पाईपचं टोक तोंडात धरलं आणि टाकीच्या दिशेने फुंकलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा टाकीत बुडबुड आवाज झाला आणि पाईपातून जाड धार लागली. भाईदास थुंकला, चूळ भरली, परत थुंकला. चाळीस वर्षं ही चव तोंडात होती. पूर्वी तिचं काही वाटायचं नाही, हल्ली दिवसभर मळमळायचं.

फिल्टरच्या वाटीत तळाला थोडं पाणी आणि शेवाळासारखा चिकट गाळ होता. बोटीच्या टाकीत दमट हवेने थोडं पाणी सुटतंच, म्हणून त्याने त्याचा फार विचार केला नाही. वाटी धुतली, आणलेला नवा फिल्टर घातला. मग हवा काढायचं काम. डिझेलच्या वाटेत हवा अडकली की पंप नुसता हवाच दाबत बसतो, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलला काही मिळत नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून तो बाजूची छोटी कळ अंगठ्याने दाबत राहिला. फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला. मग पंपाचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल करून लखनला सेल्फ मारायला सांगितला. दोन्ही नळ्यांतून डिझेलची पिचकारी उडाली.

"पंप चांगला आहे," तो म्हणाला. "नाशिकला न्यायला निघाले होते."

नट आवळून परत सेल्फ मारला. इंजिनाने दोनदा ठसका दिला, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि सुरू झालं.

हेमांगी उठून उभी राहिली. लखनने दोर सोडायला घेतला. भाईदास म्हणाला, "थांबा, जरा चालू द्या." सुरू झालेल्या इंजिनावर त्याचा लगेच विश्वास बसत नसे. तो फळीवर कान देऊन बसला. पाच मिनिटं गेली, सात गेली.

दोर गुंडाळता गुंडाळता लखन इंजिनावर वाकला आणि आधारासाठी त्याने डावा हात टेकला. तो टेकला तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर. भाईदासला आधी वास आला. जळक्या केसांचा, आणि मग कातडीचा.

"अरे, हात! हात काढ!"

लखनने त्याच्याकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं. सावकाश उचलला. करंगळीच्या खालची कड पांढरी पडली होती. तो ओरडला नाही, त्याने हात झटकलाही नाही. सदऱ्याची बाही खाली ओढली आणि म्हणाला, "काम करून करून चामडी जाड झाली, मिस्तरी."

भाईदास काही बोलणार तेवढ्यात इंजिनाचा आवाज उतरला. चढला, उतरला, धापा टाकल्या आणि बंद पडलं.

पाण्यावर एक पाणकावळा होता, तो उडून गेला. हेमांगी परत खाली बसली आणि तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते.

भाईदासला वाटलं, आत्ता इथेच आडवं व्हावं. त्याने फिल्टरची वाटी परत सोडली. आतल्या डिझेलखाली तीन बोटं पाणी होतं. तासाभरापूर्वी त्याने ती वाटी पुसून कोरडी केली होती.

"लखन, एक काचेची बाटली दे."

टाकीच्या तळाच्या तोटीतून त्याने बाटली भरली आणि उन्हात धरली. जवळजवळ सगळं पाणीच होतं. वर डिझेलचा पातळ पिवळा थर. ती ओतून त्याने दुसरी भरली. तेच.

"एवढं पाणी दमट हवेने सुटत नाही," भाईदास म्हणाला. "हे कोणीतरी ओतलेलं पाणी आहे. पंपावरून असं आलं असतं तर धडगावच्या निम्म्या जीपा उभ्या राहिल्या असत्या. काय झालं ते सांग. मी सगळं इंजिन खोलून परत जोडलं तरी ते उद्या बंद पडेल."

लखन काठाकडे बघत होता. "दमट हवेनेच असेल," तो म्हणाला.

"सांग बाबा. मी कोणाला सांगत नाही. माझ्यात भांडायची ताकदही नाही."

ते खरंच होतं, आणि बहुधा ते खरं दिसलं म्हणूनच लखन खाली बसला.

"रविवारी डिझेलचा कॅन होडीतून बोटीवर घेत होतो," तो म्हणाला. "वीस लिटरचा. हातातून सुटला, पाण्यात पडला. झाकण ढिलं होतं. बुडता बुडता पकडला. आत पाणी गेलं असेल थोडं, असं वाटलं. फेकून कसं द्यायचं? वरून इथपर्यंत डोक्यावर आणलेलं. ओतला टाकीत."

"आणि कोणाला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर संस्थेवाले म्हणाले असते याला कॅन धरता येत नाही, हा बोट काय धरणार."

भाईदासने पान्याला लागलेलं तेल पुसलं. एक गोष्ट त्याच्या मनात अडकली होती. "भरलेला कॅन सुटतो कसा? हातात वजन असतं. सुटायला लागला की कळतं."

"कळलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कळलं नाही, मिस्तरी. मला वाटलं मी धरलाय. पाण्यात धप्प आवाज आला तेव्हा बघितलं, तर हातात काही नव्हतं."

भाईदासने त्याच्या बाहीकडे पाहिलं. त्याचे स्वतःचे हात निबर होते. गरम नट तो चिमटीत धरायचा. पण कातडी जळल्याचा वास आपल्याआधी दुसऱ्याला यावा, एवढा निबर हात त्याने कोणाचा पाहिला नव्हता. कोणाला सांगत नाही असं म्हणूनही तो बोटीच्या पुढच्या टोकाला गेला आणि हेमांगीशी हळू आवाजात बोलला. सायलेन्सरचं सांगितलं, कॅनचं सांगितलं.

तिने मान वळवून लखनकडे पाहिलं. नंतर म्हणाली, "डिझेलला किती वेळ?"

"टाकी रिकामी करतो. पाणी तळाला बसू द्यावं लागेल. तास तरी."

"बरं," ती म्हणाली आणि तिने खिशातला पेन काढला.

भाईदास तळाच्या तोटीतून पाणी काढत राहिला. शुद्ध डिझेल दिसायला लागल्यावर तेही सगळं कॅनमध्ये काढून सावलीत ठेवलं. रिकामी टाकी त्याने आतून फडक्याने पुसली. हे करताना मागचं सगळं त्याला ऐकू येत होतं.

"लखनभाऊ, बसा इथे. हात दाखवा. भाजलंय, मलम लावते."

"नको ताई, बरं आहे."

"बसा तरी."

मलम लावून झाल्यावर ती म्हणाली, "आता डोळे मिटा. मी पेनाचं टोक लावीन. लागलं की हां म्हणायचं."

"कशाला?"

"मिटा हो."

उजव्या हातावर लखन प्रत्येक वेळी हां म्हणाला. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. भाईदासने मान वळवली. हेमांगी त्याच्या डाव्या, किंचित वाकलेल्या करंगळीवर, तिच्या शेजारच्या बोटावर, तळव्याच्या कडेवर पेनाचं टोक टेकवत होती, आणि डोळे मिटलेला लखन ती कधी सुरू करते त्याची वाट बघत होता.

तिने बाही वर सरकवली. कोपराच्या वर फिकट रंगाचा चट्टा होता, तळहाताएवढा. तिथेही पेन टेकवला. मग कोपराच्या आतल्या बाजूला बोटांनी चाचपलं.

"किती दिवसांपासून आहे हे?"

लखनने डोळे उघडले. "पाऊस लागायच्या आधीपासून."

"माझ्याबरोबर दर आठवड्याला बोटीवर असता. एका शब्दाने बोलला नाहीत."

"मला माहीत आहे हे काय असतं," लखन म्हणाला. "माझ्या काकाला होतं. नाल्याच्या पलीकडे झोपडी बांधून दिली होती त्याला. भाकरी दगडावर ठेवून यायचो आम्ही."

"ते जुनं झालं. मी नक्की सांगू शकत नाही, डॉक्टर तपासून सांगतील. पण मला वाटतं कुष्ठरोगच आहे. याला गोळ्या आहेत, फुकट मिळतात. वर्षभर घ्यायच्या. एकदा सुरू झाल्या की दुसऱ्याला होत नाही."

"हात?"

हेमांगीने त्याची बाही खाली केली. "लवकर सुरू केलं तर हातातला जीव परत येतो कधी कधी. पूर्ण येईल असं मी सांगत नाही."

"बोटीवरून काढतील?"

"नाही काढणार. मी बोलेन त्यांच्याशी." तिने ते ठामपणे म्हटलं, पण भाईदासला तिचा चेहरा दिसत होता आणि त्यावर तेवढी खात्री नव्हती.

भाईदासला त्याच वेळी आठवलं की आपण लखनच्या हातून तांब्याभर पाणी प्यायलो. नकळत त्याचा हात पँटला पुसला गेला. हेमांगीने ते पाहिलं. तिने नजर हटवली नाही. भाईदासला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती भीती लगेच गेली नाही. त्याने डबा उघडला. दीड वाजला होता. तीन भाकऱ्या, वांग्याची भाजी, ठेचा. एक भाकरी हेमांगीला दिली, एक लखनपुढे धरली.

"माझं आहे बांधलेलं," लखन म्हणाला.

"घे. घरची आहे. मला एवढी खाववत नाही."

लखनने उजव्या हाताने घेतली. तिघं जण ताडपत्रीच्या सावलीत जेवले. पलीकडचा डोंगर उन्हात पांढरा दिसत होता. भाईदास खाता खाता दोनदा पेंगला.

मग त्याने कॅनमधलं वरचं डिझेल फडक्यातून गाळून टाकीत ओतलं. खालचं चार बोटं तसंच सोडलं. दुसरा नवा फिल्टर पिशवीत होता, तो घातला. परत हवा काढली, स्क्रू, कळ, फेस, बुडबुडे, धार. अंगठा सुजल्यासारखा झाला होता. लखन म्हणाला, "मी दाबतो." भाईदासने जागा दिली. लखनने उजव्या अंगठ्याने कळ दाबली आणि भाईदासने सांगितल्यावर स्क्रू आवळला.

"आता बघून ठेव," भाईदास म्हणाला. "पुढच्या वेळी इंजिन बंद पडलं तर हे तुला एकट्याला करता यायला हवं. टाकी, पाईप, फिल्टर, हवा, मग नळ्या. याच ओळीने. मधलं काही सोडायचं नाही."

"पुढच्या वेळी मी असलो तर."

"असशील," भाईदास म्हणाला.

सेल्फ मारला. इंजिन एका सिलिंडरवर लंगडत सुरू झालं. नोझलमध्ये अजून पाण्याचे थेंब असावेत, ठसके येत राहिले. मिनिटभराने दुसरं सिलिंडर लागलं आणि आवाज सरळ झाला. दहा मिनिटं तिघांनी नुसतं ऐकलं. सव्वादोन वाजून गेले होते. हेमांगी म्हणाली, "जाऊया. एक पोरगं मिळालं तरी चालेल."

भाईदासही बरोबर गेला. इंजिन पाण्यात मध्येच बंद पडलं तर इथे काठावर बसून त्याचा उपयोग नव्हता. लखन उजव्या हाताने सुकाणू धरून उभा होता. बुडालेल्या झाडांच्या मधून तो बोट अशी काढत होता की एकाही शेंड्याला धक्का लागला नाही. हे पाणी भरण्याआधी त्याच्या वडिलांचं शेत इथेच कुठेतरी खाली होतं, हेमांगी म्हणाली. भाईदासने खाली बघितलं. हिरवं पाणी होतं, त्यात काही दिसत नव्हतं.

उंबरीपाड्याच्या काठावर पाच बायका उरल्या होत्या. बाकीच्या चार जणी दुपारी डोंगर चढून परत गेल्या होत्या. उरलेल्यांतली एक, कौसाबाई, लखनशी पावरी बोलीत काहीतरी तावातावाने बोलली.

"काय म्हणते?" भाईदासने विचारलं.

"म्हणते, बोट चालवतोस की म्हैस."

हेमांगी पटापट कामाला लागली. एकेक पोर टोचलं की रडायचं, ते बघून पुढचं आधीच रडायला लागायचं. राहिलेल्या चार पोरांची नावं तिने वहीत लिहिली. वरचा पाडा तास-दीड तासाच्या चढावर होता, आणि आज तिला तेवढा वेळ नव्हता. इंजिन बंद न करता भाईदास त्याच्याजवळ बसून राहिला. ते बंद करायची त्याची छातीच झाली नाही.

परत आले तेव्हा पाचला दहा कमी होते. भाईदासने फिल्टरची वाटी शेवटची सोडून पाहिली. तळाला पाण्याचे दोन थेंब होते. "दोन दिवसांनी परत बघ," तो लखनला म्हणाला, "आणि रोज निघण्याआधी तळाची तोटी जरा सोडत जा." लखनने हो म्हटलं. उतरताना भाईदासचा गुडघा अडला, तेव्हा लखनने हात पुढे केला. डावा होता. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो मागे घेऊ लागला. भाईदासने तो धरला आणि त्याच्या आधाराने चिखलात उतरला. हात उबदार होता. आपण किती जोरात धरलंय हे त्याला कळत नसणार, असं वाटून भाईदासने पकड सैल केली.

"सोमवारी धडगावच्या दवाखान्यात या," हेमांगी लखनला म्हणाली. "मी तिथे आहे. घरच्यांना घेऊन या."

लखनने मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच, ते ओळखू आलं नाही.

चढ चढताना दोघं तीन वेळा थांबले. वर जीपची वाट बघत दगडावर बसल्यावर हेमांगी म्हणाली, "येईल का तो सोमवारी, काका?"

"काय माहीत, बेटा."

"नाही आला तर मलाच परत यावं लागेल."

जीप आली तेव्हा दोघांना मागे जागा मिळाली. हेमांगीने लसींचा डबा मांडीवर घेतला आणि पहिल्याच वळणावर डोळे मिटले.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. भाईदास एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. त्याने पडल्या पडल्याच कानाला लावला. लखन सोमवारी आला नव्हता, ती म्हणाली. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. शेवटी ती बोटीवरच बसून राहिली, तो हो म्हणेपर्यंत. मग त्याची बायको छबूबाई त्याला घेऊन आली. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. करंगळी अजून वाकडीच होती. त्याला बोटीवर ठेवायचं का यावर संस्थेच्या लोकांनी विचार करू म्हटलं होतं, आणि अजून ते विचारच करत होते, तोवर बोट तोच चालवत होता. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली होती, कोणाला काही नव्हतं.

"आणि ती चार पोरं?" भाईदासने विचारलं.

"दोघांना दिली. वर चढून गेले होते. दोन राहिली. आईबापाबरोबर गुजरातला गेली, ऊसतोडीला. तिकडच्या नर्सचा नंबर मिळतो का बघते आहे."

"बरं," भाईदास म्हणाला.

मग तिला कोणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. भाईदासने फोन छातीवर ठेवला आणि ट्रॅक्टरच्या पोटाकडे बघत तो तसाच पडून राहिला. मग पान्यासाठी हात लांब केला.